मुलांना घरचा रियाज शिकवायला हवा: नागपुरातल्या वाद्यशिक्षकांना खुलं पत्र

नागपुरात तबला, हार्मोनियम, व्हायोलिन, सतार, बासरी शिकवणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षं मी नागपूरच्या महाल भागात तबला शिकवतो. वर्ग लहानच आहे. आठ-नऊ वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतची मुलं येतात. काही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, काही दोन वर्षं शिकून दहावीच्या नावाखाली सोडून जातात. तुमच्याकडेही थोडंफार असंच असेल. आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. तेव्हापासून एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

एका विद्यार्थ्याची बोलांची, म्हणजे तबल्याची अक्षरं लिहायची, वही वर्गात राहून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरावरूनच जाणार होतो, म्हटलं देऊन टाकू. जिना चढताना तबल्याचा आवाज आला आणि मी दाराबाहेर थांबलो. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पोरगा न सांगता रियाजाला बसला होता. दिल्ली घराण्याचा तो पहिला कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची रचना, धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. मुखडा म्हणजे ही मूळ ओळ छान आली, दुगुन म्हणजे दुप्पट लय आली, पहिला पलटा, म्हणजे त्याच बोलांची पहिली उलटापालट, आला. दुसऱ्या पलट्यात 'धातिट धातिट धाधा' आलं आणि दुसऱ्या धातिटला हात अडकला. तो थांबला. पुन्हा मुखड्यापासून सुरुवात. पुन्हा पहिला पलटा, पुन्हा दुसरा, पुन्हा तिथंच अडकला. मी मोजत गेलो. अकरा वेळा. अकराही वेळा त्याच जागी.

मग दार वाजवलं. त्याच्या आईनं उघडलं आणि कौतुकानं म्हणाली, "बघा ना सर, रोज अर्धा तास वाजवून राहिला तो. आता सांगावं पण नाही लागत."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मुलाचंही नव्हतं. त्याला मी सांगितलं होतं, "घरी रोज अर्धा तास बस," आणि तो बसत होता. पण त्या अर्ध्या तासात त्यानं मुखडा अकरा वेळा वाजवला. तो त्याला आधीच येत होता. आणि जे येत नव्हतं ते अकरा वेळा चुकीचं वाजवलं. हातानं तेच पाठ केलं. पुढच्या वर्गात तो माझ्यासमोर बसला, त्याच जागी अडखळला आणि मी नेहमीसारखं म्हणालो, "घरी रियाज कमी पडतोय."

हे वाक्य मी सव्वीस वर्षांत किती मुलांना ऐकवलं असेल, याचा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही.

आपण मुलांना काय वाजवायचं ते शिकवतो. कसं वाजवायचं तेही शिकवतो. हात कुठं, बोट कुठं, लय कशी. पण घरी एकटं बसल्यावर नेमकं काय करायचं हे आपण शिकवतच नाही. 'रियाज कर' म्हणतो आणि सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की घरचा रियाज हा शिकवायचा विषय आहे. तो वर्गात आपल्यासमोर, वाद्यावर हात ठेवून शिकवायला हवा.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आपल्या परंपरेत कुणी कधी रियाज 'शिकवला' नाही, तरी एवढे मोठे कलावंत घडले. मीही असंच म्हणत आलो. पण जरा आठवून बघा, ते शिकले कसे? गुरूच्या घरी राहून. शिष्य ओसरीत वाजवायचा आणि गुरू आतल्या खोलीत जेवत असले तरी त्यांचा कान बाहेर असायचा. बोट चुकलं की आतून आवाज यायचा. त्या शिष्याचा रियाज कधी एकट्याचा नव्हताच. चुकीची गोष्ट अकरा वेळा वाजवायची मुभा त्याला कुणी दिलीच नसती. चाळीस दिवस कोंडून घेऊन केलेल्या रियाजाच्या, चिल्ल्याच्या, गोष्टी आपण मुलांना रंगवून सांगतो. त्यातले तास मुलांच्या लक्षात राहतात, ऐकणारा कान मात्र गोष्टीतून गळून जातो.

आता आपल्याकडचं बघा. आठवड्याचे तास १६८. त्यातले दोन तास मूल आपल्याकडे, तेही सात-आठ जणांच्या बॅचमध्ये. एका मुलाच्या वाट्याला आपण नीट कान देतो तो वेळ तासाला सात-आठ मिनिटं. बाकी सगळा आठवडा ते एकटं. म्हणजे पूर्वी जे काम गुरूचा कान करत होता, ते आता आठ वर्षांच्या पोराला स्वतःच करायचं आहे. ते कसं करायचं हे त्याला आपल्याशिवाय कोण सांगणार?

या निमित्तानं मी थोडं वाचलं. ऑस्ट्रेलियात दोन संशोधकांनी वाद्य नुकतंच शिकायला लागलेल्या सात मुलांच्या घरच्या सरावाचं चित्रीकरण केलं होतं. ते २००१ साली प्रसिद्ध झालं. मुलांचा ९० टक्क्यांहून जास्त वेळ रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती वाजवण्यात गेला. वाद्य वेगळं, संगीत वेगळं, देश वेगळा, पण मला माझा जिन्यातला पोरगाच दिसला. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातला, २००९ सालचा. तिथं संगीताच्या १७ मोठ्या विद्यार्थ्यांना पियानोचा एक अवघड छोटा तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कुणी किती वेळ सराव केला, किती वेळा तुकडा वाजवला, याचा दुसऱ्या दिवशीच्या वाजवण्याशी संबंध लागला नाही. ज्यांचं उत्तम झालं त्यांनीही चुका केल्या होत्या. पण चूक झाली की ते तिथंच थांबले, नेमकी जागा शोधली, लय कमी केली आणि तेवढंच दुरुस्त होईपर्यंत वाजवलं.

आपले जुने लोक हे जाणत होतेच. 'घासून घे' म्हणताना त्यांच्या मनात हेच असायचं. मुलाला मात्र त्यातलं घासणं तेवढं कळतं, काय घासायचं ते कळत नाही.

मी स्वतः त्यातूनच गेलो आहे. लहानपणी ज्यांच्याकडे शिकलो ते मायाळू होते, पण बॅच मोठी. माझं 'तिट'चं दुसरं बोट चुकीचं पडत होतं आणि मी मन लावून, पहाटे उठून, दोन वर्षं तेच चुकीचं बोट पक्कं केलं. पुढे दुसऱ्या गुरुजींकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी हात धरला. ते बोट सुटायला वर्ष लागलं. त्या वर्षात तबला सोडून द्यावा असं किती वेळा वाटलं ते माझं मला माहीत. एवढी मेहनत करून मूल मागे पडत असेल आणि कारण कुणी सांगत नसेल, तर ते एवढंच समजतं की आपल्यात काही नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. यातलं काही तुम्ही आधीपासून करत असाल. तसं असेल तर मला तुमच्याकडून शिकायचं आहे.

वर्गाची शेवटची दहा मिनिटं मी नवीन काही देत नाही. एका मुलाला बसवतो आणि म्हणतो, "आता मी इथं नाही. तू घरी आहेस. रियाज कर." बाकीची मुलं बघतात. पहिल्यांदा सगळे हेच करतात, पहिल्या धा पासून सुरुवात आणि चुकलं की परत पहिला धा. तिथं मी थांबवतो आणि विचारतो, "कुठं चुकलं?" 'परत वाजव' म्हणायच्या आधी हा प्रश्न. सुरुवातीला मुलांना सांगता येत नाही. "तिकडं कुठंतरी" म्हणतात. पण दोन-तीन आठवड्यांत बोट ठेवून जागा दाखवायला लागतात.

त्या जिन्यातल्या पोराचंच उदाहरण घेतो. त्याला वाटत होतं, दुसरा पलटाच अवघड आहे. आम्ही दोघांनी मिळून अगदी सावकाश, मिनिटाला साठ मात्रा धरून, एका मात्रेला एकच बोल ठेवत तो सोडवला. 'ति' येत होता, 'ट' येत होता, 'धा' येत होता. मुखड्यात 'तिट'नंतर दोन धा येतात, म्हणजे शाईवरून (मधल्या काळ्या गोलावरून) किनारीवर (कडेवर) गेलेल्या हाताला सावरायला एक बोल जास्त मिळतो. या पलट्यात एकच धा आणि लगेच पुन्हा ति. पहिलं बोट किनारीवरून उचलायच्या आतच मधलं बोट शाईवर यायला हवं, आणि त्याचा अख्खा पंजा किनारीकडे सरकत होता. अडचण तीन बोलांची होती, 'ट धा ति'. मी त्याला तेवढेच तीन बोल दिले. मग आधीचा एक जोडून चार, मग नंतरचा एक जोडून पाच. वर्गातच बारा मिनिटांत जागा सुटली. घरी तो अकरा वेळा सगळा कायदा वाजवत होता आणि या तीन बोलांना एकदाही वेगळं भेटला नव्हता.

तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा तुकडा, मी आता शेवटाकडून बसवून घेतो. आधी शेवटचा पल्ला, म्हणजे तिसरी आवृत्ती, आणि समेवरचा धा. तो पक्का झाला की मधला पल्ला जोडायचा, मग पहिला. असं केलं की मूल अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातं आणि समेवर येताना त्याचा हात घट्ट होतो. सुरुवातीकडून बसवलेल्या तिहाईत नेमकं उलट होतं. पहिला पल्ला जोरात आणि समेला चेहरा पडलेला.

पढंतीला तर मी आता रियाजाचा अर्धा भाग मानतो. तोंडानं बोल, हातावर ताल. जे तोंडात अडखळतं ते हातात येणार नाही, हे मुलांना पटकन कळतं. त्याला वाद्य लागत नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही, स्कूलव्हॅनमध्येही करता येतं. हार्मोनियम, सतार शिकवणाऱ्यांनीही हे करून बघावं. मूल अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, आधी गाऊन दाखवेल, मग बोटं ठेवेल. गळा गोड नसला तरी चालतो, स्वर कुठं जायचा आहे ते डोक्यात असलं म्हणजे झालं. बासरी आणि व्हायोलिनला तानपुऱ्याचा षड्ज लावून एकेक स्वर लांब धरणं हा घरचा रियाज आहे, पण त्यातही मुलाला विचारावं लागतं, "स्वर हलला कधी? सुरुवातीला की शेवटी?"

लहान मुलांसाठी मी पाच चिंचोके देतो. निवडलेली जागा एकदा बरोबर आली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. पाचही गेले की त्या दिवशीचं काम संपलं. चुकलं की एक चिंचोका परत. आधी मी सगळेच परत करायला लावत होतो, पण चार चिंचोके जमवून पाचव्याला चुकलेली एक चिमुरडी हमसून रडली आणि मी नियम बदलला. यातला खरा फायदा वेगळाच आहे. बरोबर की चूक हे ठरवायचं काम मुलाकडे जातं. ते स्वतःचं वाजवणं ऐकायला लागतं.

वेळेबद्दल माझं मत तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी सांगतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला सलग तासभर बसवू नका. पंधरा मिनिटं सकाळी आणि पंधरा संध्याकाळी हे रविवारच्या दोन तासांपेक्षा कितीतरी बरं. थोडं थोडं, अंतर ठेवून केलेलं जास्त टिकतं, हे स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या एबिंगहाउसनं १८८५ सालीच दाखवलं होतं. आणि परीक्षेच्या आधी महिनाभर तबला फोडायचा, एरवी लोखंडी कपाटावर कव्हर घालून ठेवायचा, ही आपल्याकडची रीत एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी वर्षातून दोनदा दिसतेच. वाद्य मुलाच्या नजरेसमोर, हात पोचेल असं ठेवा म्हणून आपण पालकांना सांगितलं पाहिजे. शिडी लावून काढावं लागणारं वाद्य कोणतंही मूल पंधरा मिनिटांसाठी काढणार नाही.

नागपूरच्या हवेबद्दलही बोलायला हवं, कारण याची झळ घरच्या रियाजाला बसते आणि मुलाला त्याचा पत्ता नसतो. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दर वर्षी जात नाही, पण मे कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोरड्या उन्हाळ्यात पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणून तबल्याचा स्वर वर चढतो. मग घरात कूलर सुरू होतो, मूल गारव्याला म्हणून कूलरसमोर तबला मांडतं आणि त्या ओल्या हवेत तोच तबला खाली उतरतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारूच नका. आवाज बसका येतो. मुलाला वाटतं आपला हात हलका पडतोय, म्हणून ते जोरानं मारायला लागतं आणि हात कडक होतो. महिनाभराच्या चांगल्या वळणावर पाणी. मी पालकांना सांगतो, तबला कपड्यात गुंडाळून कूलर नसलेल्या खोलीत ठेवा, पंधरा मिनिटांपुरता पंखा पुरे. आणि दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला गट्ठे (बाजूच्या वादीखालचे लाकडी ठोकळे) आणि हातोडी स्वर लावायला कशी असतात ते दाखवायला सुरुवात केली आहे. गट्ठ्यांना आम्ही अजून हात लावू देत नाही, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हलके ठोके देऊन सोळाही घरं, म्हणजे तिथले सोळा भाग, ऐकायची, एवढंच. आपलं वाद्य उतरलंय हे ज्या मुलाला ओळखता आलं, त्याचा कान रियाजाला तयार झाला असं मी समजतो.

मोबाईलवरच्या लेहऱ्याबद्दल, म्हणजे ताल धरून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीबद्दल, आपल्यात दोन तट आहेत. मी वापरू देतो. एकट्या मुलाला लय धरून ठेवणारं घरात दुसरं कोण आहे? फक्त लय किती ठेवायची ते मी वहीत लिहून देतो आणि वाढवायची असेल तर वर्गात विचारून. नाहीतर पोरं पहिल्या दिवशी दीडशेवर नेतात. मोबाईलचा त्याहून चांगला उपयोग म्हणजे एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण. वाजवताना मुलाला चूक ऐकू येत नाही, कारण सगळं लक्ष हातात असतं. तेच मिनिट परत ऐकलं की ते स्वतःच म्हणतं, "सर, इथं मी पळालो."

आता पालकांविषयी. बहुतेक पालकांना संगीत येत नाही आणि त्याचा त्यांना उगाच संकोच असतो. "आम्हाला काय कळते त्यातलं" म्हणून ते फक्त घड्याळ बघतात. त्यांना मी एक प्रश्न दिला आहे. 'झाला का रियाज?' असं विचारायचं नाही. 'आज काय दुरुस्त केलं, दाखव' असं म्हणायचं. मूल दाखवतं, आई-बाबा ऐकतात, दोन मिनिटांचं काम. आतल्या खोलीतून यायचा तो गुरूचा आवाज त्यांना देता येणार नाही, पण कान देता येतो. जिन्यातल्या त्या मुलाची आई आता स्वयंपाक करताना तीनतालाची टाळी धरते. 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा, नवव्या मात्रेला येते हे तिला आता मुलापेक्षा पक्कं माहीत आहे.

यात अभ्यासक्रम मागे पडतो, हे खरं आहे. माझा पडला. शेवटची दहा मिनिटं आणि ती सोडवणूक यात सुरुवातीच्या चार महिन्यांत दोन कायदे कमी झाले. दोन पालकांनी तसं बोलूनही दाखवलं, एकानं मूल दुसरीकडे घातलं. वाईट वाटलं. फी भरणाऱ्याला नवीन काहीतरी हवं असतं आणि आपलं घर त्यावर चालतं, हे मी कुणाला सांगायला नको. पण पाचव्या महिन्यापासून मुलं वर्गात येतानाच जागा घेऊन यायला लागली. "सर, तिसऱ्या पलट्यात ही जागा नाही येऊन राहिली, बाकी आला." असा विद्यार्थी समोर बसला की त्याच्या वाट्याची सात मिनिटं पुरतात. पूर्वी त्यातली पाच तर चूक शोधण्यातच जायची.

याच नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे वसंतराव देशपांडे आणि सी. रामचंद्र शिकले, हे आपण प्रत्येक वार्षिक कार्यक्रमात अभिमानानं सांगतो. आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी मंचावर जावं असं माझं म्हणणं नाही. पण जे मूल दोन वर्षं मनापासून बसलं, त्याला दोन वर्षांनी काहीतरी नीट वाजवता यावं, एवढं तरी आपल्याकडून त्याला मिळायला हवं.

म्हणून तुम्हा सगळ्यांकडे एक मागणं आहे. दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी नवी मुलं येतील, जुनीही वाद्य पुजायला येतील. त्या दिवशी प्रत्येकाला एक छोटी वही द्या. बोलांची वेगळी, ही रियाजाची. रोज एकच ओळ लिहायची, आज कुठं अडलं आणि ते सुटलं का. पुढच्या वर्गात सगळ्यात आधी ती वही बघा, नंतर वाद्य. तीन महिने करून पाहा आणि दिवाळीनंतर, संक्रांतीच्या सुमारास आपण एका रविवारी सकाळी एकत्र बसू. माझ्या वर्गाची जागा आहे, तीस-चाळीस जण मावतात. येताना तुमच्या मुलांच्या वह्या आणा. कुठल्या वाद्याला काय लागू पडलं, काय फसलं, ते समोरासमोर बोलू.

जिन्यातल्या त्या मुलाच्या रियाजाच्या वहीच्या पहिल्या पानावर एवढंच आहे: "ट धा ति. सुटलं. पंजा नाही हलवायचा."

आपला,
महालातला एक तबलाशिक्षक
नागपूर